रात्रीची किल्ली कुणाकडे, साहेब?

मा. उपवनसंरक्षक महोदय यांस,

स. न. वि. वि.

वन्यजीव उपचार केंद्राला रात्री कुलूप लावण्याच्या विषयावरची माझी आधीची दोन पत्रं आपल्या कार्यालयात आवकला दिलेली आहेत. दोन्हींच्या स्थळप्रतीवर गोल शिक्का आहे, तारीख आहे, सही आहे. मी टपाल खात्यात 33 वर्षं काढली. पोहोच मिळाली म्हणजे उत्तर मिळालं असं होत नाही, हे मला कुणी समजावायला नको. तिसरं पत्र मात्र चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे.

1 डिसेंबरला वन्यजीव उपचार केंद्राच्या फाटकावर सूचना लागली. केंद्राची वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 6. अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही. स्वयंसेवकांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ‘सेवा दिन’. खाली शिक्का. त्यातली अनधिकृत व्यक्ती म्हणजे मी, आणि माझ्यासारखे रोजचे स्वयंसेवक. नऊ वर्षं त्या फाटकाची एक किल्ली माझ्या कनवटीला असायची. ती त्या दिवशी वनपाल साहेबांकडे जमा केली आणि त्याचीही पोहोच घेतली. सवय आहे.

त्याच रात्री साडेनऊच्या सुमाराला एक जोडपं मोटारसायकलवरून आलं. बुटाच्या खोक्यात गव्हाणी घुबडाचं पिल्लू होतं. झाकणाला भोकं पाडलेली, आत मऊ फडकं, बाटलीच्या बुचात पाणी. पाण्याची गरज नसते, पण माणसं जीव लावून आणतात तेव्हा बूचभर पाणी ठेवतातच. चौकीदार मामांना फाटक उघडू नये असं लेखी सांगितलेलं. त्यांनी सकाळी नऊला या म्हणून सांगितलं. ती दोघं थोडा वेळ थांबली आणि खोकं फाटकाच्या खांबाशी ठेवून गेली. थंडी आपल्यालाही आठवत असेल, त्या आठवड्यात पहाटे गाड्यांच्या सीटवर दव साचत होतं. सकाळी मी रस्त्याच्या बाजूनं, म्हणजे अधिकृत बाजूनं, पोहोचले तेव्हा खोक्याला मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्या डोळ्यांपासून सुरुवात करतात. पिल्लू तोवर जिवंत होतं. अकराच्या आसपास गेलं.

मामांना यात बोल लावू नये ही विनंती. त्यांनी हुकूम पाळला. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत, हे त्यांच्या मंडळींनी मला सांगितलं.

आता मी कोण, ते सांगते. निवृत्तीला आठ महिने राहिले असताना आमच्या पोस्टाच्या आवारातल्या लिंबावर मांज्यात अडकून एक घार लटकली होती. तारवाल्यांना बोलावलं, शिडी आणली, खाली उतरवली, आणि न्यायची कशात हा प्रश्न पडला तेव्हा टपालाची रिकामी थैली पुढे केली. अंधार झाला की पक्षी शांत होतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. थैलीत घार गप्प बसली म्हणून मला वाटलं मेली. केंद्रात त्या वेळी पूर्णवेळ डॉक्टर होत्या. त्यांनी पंखाच्या पुढच्या कडेची फाटलेली कातडी शिवली आणि मला म्हणाल्या, ताई, तुम्ही रोज इतक्या पावत्या लिहिता, आमची नोंदवही कुणी लिहीत नाही, येता का? मी गेले. ती घार 41 दिवसांनी उडाली. नोंदवही अजून चालू आहे. म्हणजे नोव्हेंबर अखेरपर्यंत होती.

त्या वहीत तारीख, वेळ, प्राणी, वजन, कुठे सापडला, कुणी आणला, काय झालं होतं, आणि शेवट, असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द चालतात: सोडला, दगावला, पाठवला. दिवसाच्या नोंदी निळ्या शाईत आणि संध्याकाळी सहानंतरच्या लाल शाईत. ही माझी टपालातली खोड. पण आपण कधी ती वही उघडून नुसती चाळलीत तर न वाचताही दिसेल की पानंच्या पानं लाल आहेत. ज्या वेळेला आपण कुलूप लावलं आहे, त्याच वेळेला या केंद्राचं निम्म्याहून जास्त काम होतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढे लिहिते आहे तो त्याचा पसारा.

या महिन्यात ऊसतोड जोरात आहे. तोडणी करणाऱ्या टोळीला शेवटच्या सरींमध्ये पिल्लं सापडतात. कधी बिबट्याचे बछडे, आणि कितीदा तरी वाघाटीची पिल्लं, जी लोक बिबट्याची म्हणूनच आणतात. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक; मोठी झाली तरी दीड किलोच्या आसपास. पिल्लं तळहातावर मावतात, कपाळावर पांढऱ्या पट्ट्या असतात, आणि एवढ्याशा जीवाचं फिसकारणं ऐकलं तर हसू आवरत नाही. गावात मात्र तोवर ‘बिबट्या घुसला’ म्हणून दवंडी पिटल्यासारखं झालेलं असतं.

अशा पिल्लांना केंद्रात ठेवून वाढवायचं नसतं. त्यांना आईकडे परत द्यायचं असतं आणि आई अंधार पडल्याशिवाय येत नाही. दुपारी पिल्लं येतात. डॉक्टर तपासतात, गोचीड काढतात, अंगात पाणी कमी असेल तर सलाईनचं पाणी देतात. मग दिवस मावळायच्या आत त्याच शेतात, त्याच सरीत, सापडली त्या जागी क्रेट ठेवायचा. आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधावर लावायचा. गावकऱ्यांना हात जोडून घरी पाठवायचं, आणि दोन माणसांनी लांब, गाडीत, काचा लावून बसायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही, असं गावोगाव सांगतात. ते खरं नाही. गेल्या जानेवारीत एका वाघाटीनं तीन पिल्लं एकामागून एक उचलून नेली, रात्री पावणेबारा, सव्वाबारा आणि पहाटे चार. तिसऱ्या पिल्लासाठी ती परत येणार नाही अशी गाडीतल्या मुलानं माझ्याशी वीस रुपयांची पैज लावली होती. मी पैज जिंकले. एखाद्या रात्री आई येत नाही. मग पहाटे पिल्लं केंद्रात आणायची, ऊब द्यायची, दूध पाजायचं आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच न्यायचं. असं दोन-तीन रात्री करावं लागतं.

आता सांगा, पहाटे पाचला ती पिल्लं घेऊन फाटकाशी आलं तर नऊपर्यंत कुठे बसायचं?

10 डिसेंबरला हेच घडलं. वाघाटीची दोन पिल्लं होती. संध्याकाळी क्रेट ठेवायला शेतात जायचं तर केंद्रातून प्राणी बाहेर न्यायची परवानगी पाचनंतर द्यायला कुणी नव्हतं. पिल्लं आत राहिली. रात्री आत माणूस नव्हता. कर्मचाऱ्यानं जाताना वाटीत गाईचं दूध ठेवलं होतं. त्याची चूक नाही, त्याला कुणी शिकवलेलं नाही. गाईच्या दुधानं या पिल्लांना हगवण लागते. एक दगावलं. दुसरं आता आपल्याच पिंजऱ्यात आहे, माणसाला सरावलं आहे, आणि बहुतेक जन्मभर कुठल्या ना कुठल्या पिंजऱ्यात राहील. त्याची आई त्या रात्री बांधावर येऊन गेली असणार, असं मला वाटत राहतं. वाटण्याला नोंदवहीत रकाना नाही.

खारीची पिल्लं असली की दर दोन-तीन तासांनी सिरिंजनं दूध, आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसानं पोटाखाली पुसायचं, नाहीतर त्यांना लघवी होत नाही. डोळे उघडेपर्यंत हेच. रात्री दोनच्या पाळीला इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं असायची, कारण ती तशीही जागी असतात. पाचच्या पाळीला मी आणि एक रिक्षावाले दादा. ते खारीला पाजताना तिच्याशी अहिराणीत बोलत. केंद्रात बोलायचं नाही हा नियम आहे. त्यांना सांगून आम्ही थकलो.

सकाळचं कामही आपल्यासमोर मांडते, कारण आपण साडेसहाला कधी आला नाहीत. आत गेलं की आधी फळा वाचायचा. रात्रीच्या माणसानं खडूनं लिहिलेलं असतं: ‘तीन नंबर घार, खाल्लं नाही.’ ‘ससा, लघवी नाही.’ मग तराजू काढायचा. पक्षी आजारी असला तरी जमेल तोवर धडधाकट असल्याचं सोंग करतो; वजन उतरलं की सोंग कळतं. मग विष्ठा बघायची, कालची रद्दी गुंडाळायची, पोटॅशच्या पाण्यात पाय बुडवून एका खोलीतून दुसरीत जायचं. मंडईतल्या एक मावशी पपई आणि पेरू देतात. चिकनवाले भाऊ मुंड्या, पाय, हाडांसकट तुकडे देतात. शिकारी पक्ष्यांना नुसतं मांस घातलं तर त्यांची हाडं ठिसूळ होतात. त्यांना हाड, केस, पीस सगळं पोटात जावं लागतं, आणि नको ते दुसऱ्या दिवशी गोळी करून ते ओकून टाकतात. सकाळी पिंजऱ्यात ती गोळी दिसली की आम्ही पेढे वाटायच्या बेतात असतो. उदमांजराची पिल्लं असली तर त्या खोलीत आंबेमोहोर शिजल्यासारखा वास येतो. पिंजऱ्यांवर आडोशाला जुनी लुगडी आणि साड्या घातलेल्या असतात. सासूबाईंचं हिरवं इरकल सध्या तरसाच्या पिंजऱ्यावर आहे. त्या असत्या तर मला चांगलंच सुनावलं असतं.

हे सगळं गुपचूप चालतं. हाक मारायची नाही, फोन वाजू द्यायचा नाही. जंगली जिवाला माणसाचा आवाज म्हणजे संकट. हरणाच्या जातीचा प्राणी पकडताना झालेल्या धावपळीनं आणि भीतीनं स्नायू निकामी होऊन दोन-चार दिवसांनीही जातो. डॉक्टर त्याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. आमची पोरं ‘धास्तीनं गेला’ म्हणतात.

म्हणूनच आपल्या सेवा दिनाबद्दल मला बोललं पाहिजे. 14 डिसेंबरच्या पहिल्या सेवा दिनाला मीही नाव नोंदवून गेले. पांढरा टी-शर्ट मिळाला, तो अंगात बसला नाही. साठेक माणसं होती. बॅनर, चहा, पोहे, ध्वनिक्षेपक. घटनेच्या 51-क कलमाचा, प्राणिमात्रांवरच्या दयेचा, उल्लेख झाला. दरवर्षी ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहातही होतो, आणि त्यासाठी आपल्याच कार्यालयानं मला दिलेली सहा प्रमाणपत्रं घरात आहेत. मग सगळ्यांना रांगेनं पिंजऱ्यांपुढून फिरवलं. चिंकारा ध्वनिक्षेपकाच्या आवाजानंच बिथरला होता. रांग समोर आली तेव्हा तो दोनदा जाळीवर आपटला, शिंगाच्या बुडाशी रक्त आलं. रांगेतल्या एका लहान मुलीनं विचारलं, त्याला का बरं घाबरवताय? तिला कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, याची मला लाज वाटते.

तोंड मिटून काम करायला शिकलेली वीस माणसं रोजची बाहेर काढायची आणि अनोळखी साठ जण महिन्यातून एकदा आत घ्यायचे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सूचनेमागची कारणं मला आपल्या कार्यालयातून तोंडी कळली. ती तीन आहेत आणि तिन्ही अगदीच बिनबुडाची नाहीत, म्हणून त्यांना उत्तर देते.

मार्चमध्ये आमच्या एका मुलाला वानर चावलं. खरं आहे. त्यानं हातमोजे घातले नव्हते, चूक त्याची आणि त्या दिवशी पाळीप्रमुख असलेल्या माझी. पण रेबीजची आगाऊ लस, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी अशा तीन मात्रा, आमच्यातल्या बहुतेकांनी स्वतःच्या पैशांनी घेतली आहे. आपल्या पिंजरे साफ करणाऱ्या रोजंदारी मजुरांना ती अजून कुणी दिलेली नाही. सुरक्षेचा विचार तिथून सुरू व्हायला हवा होता.

दुसरं, बछड्याला बाटलीनं पाजतानाचा व्हिडिओ एका पोरानं गाणं लावून स्टेटसला ठेवला. तेही खरं. आपली नोटीस यायच्या आधीच आम्ही त्याला तीन महिने फाटकाबाहेर ठेवलं आणि तेव्हापासून फोन पेटीत ठेवून आत जायचा नियम केला. हा नियम पाहुण्यांना लागू नव्हता. विश्रामगृहावर उतरलेल्या पाहुण्यांना, त्यांच्या मुलाबाळांना, रविवारी दुपारी बछडे ‘दाखवायला’ आणलं जातं. बछडा मांडीवर घेतलेले फोटो मी पाहिले आहेत. ते इथे टाकणार नाही. त्यात लहान मुलं आहेत.

तिसरं कारण विम्याचं आणि जबाबदारीचं. उद्या काही बरंवाईट झालं तर कोण? हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधलेली ठिकाणं आपल्याच राज्यात आहेत. पुण्यात बावधनला, जुन्नरजवळ माणिकडोहला, डहाणूच्या समुद्री कासवांच्या केंद्रात वनविभाग आणि बाहेरची माणसं, संस्था मिळून काम करतात. तिथे कागद कसे केले आहेत ते मागवून घेता येईल. लागलं तर मी स्वखर्चानं जाऊन आणते, ज्येष्ठ नागरिकाला एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत आहे.

आता ज्या गोष्टींबद्दल सूचनेत काही नाही, पण ज्यांच्यामुळे प्राणी खरोखर मरतात, त्या.

डॉक्टर. पूर्णवेळ डॉक्टर गेल्याला तीन वर्षं होत आली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार आहे. ते मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येतात, मनापासून काम करतात, पण त्यांच्यामागे लाळ्या-खुरकताचं लसीकरण आहे, म्हशी आहेत, शवविच्छेदनं आहेत. बुधवारी पंख मोडलेल्या पक्ष्यानं शुक्रवारपर्यंत थांबायचं. उशीर झाला की हाड वाकडं जुळतं. एक्स-रे आम्ही शहरातल्या एका खासगी दवाखान्यात रिक्षानं नेऊन काढत होतो. आता तेही बंद.

मजूर. पिंजरे साफ करणाऱ्या चौघांची मजुरी चार-चार महिने निघत नाही. हातावर पोट असलेली माणसं आहेत. त्यातले एक गेल्या उन्हाळ्यात काम सोडून वीटभट्टीवर गेले. ते आठ वर्षं तिथे होते आणि अजगराला कात टाकताना अडचण येते आहे हे लांबून ओळखायचे. असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही.

इन्व्हर्टर मेला आहे. याबद्दल एवढंच.

आणि नवा ऑनलाइन फॉर्म. हा मुद्दा बारीक वाटेल, पण नोंदवही लिहिणारीला तो सगळ्यात जास्त बोचतो. जुन्या वहीत ‘कुठे सापडला’ या रकान्यात मी शिवाराचं नाव, विहिरीचं, ओढ्याचं, शक्य असेल तर गट नंबर लिहीत असे. नव्या फॉर्ममध्ये फक्त ‘तालुका’ आहे. प्राणी बरा झाला की त्याला त्याच्याच मुलखात सोडायचं असतं. तालुक्यात सोडायचं म्हणजे पत्र नुसतं ‘भारत’ लिहून टाकण्यासारखं आहे. बिबट्यांच्या बाबतीत याची किंमत आपल्या खात्यानंच पाहिली आहे. 2001 नंतर जुन्नर भागात पकडलेले बिबटे उचलून दूरच्या जंगलांमध्ये सोडले गेले आणि सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नोंदींवरून दाखवून दिलं. नोंदी होत्या म्हणून दाखवता आलं.

महोदय, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 39 व्या कलमाप्रमाणे असा प्राणी शासनाच्या मालकीचा असतो, आणि ज्याच्या हाती तो येतो त्यानं 48 तासांच्या आत कळवायचं असतं. आम्हाला हे मान्य आहे, आम्ही कधी मालकी सांगितली नाही. पण रात्री दहाला ज्याच्या हातात जखमी वटवाघूळ आहे त्यानं काय करायचं? फाटक बंद, म्हणून घरी न्यायचं? दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच गुन्हा दाखल व्हायची भीती. या तीन आठवड्यांत आमच्या फोनवर आलेल्या लोकांना मी काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही. वकिलांनी लिहू नका म्हणून सांगितलंय.

14 जानेवारी तोंडावर आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 सालीच बंदी घातली. आमच्या गल्लीत तो आजही मिळतो, फक्त हळू आवाजात मागावा लागतो. संक्रांतीला पक्षी कापले जातात ते बहुतेक दिवस उजाडताना आणि मावळताना. बगळे, शराटी, घारी थव्यानं झाडावर परतायची तीच वेळ, आणि रातबगळे, वटवाघळं बाहेर पडायचीही तीच. लोक त्यांना उतरवून, खोक्यात घालून, गाडी काढून केंद्राशी पोहोचेपर्यंत सात-आठ वाजतात. गेल्या संक्रांतीला रात्री साडेदहाला टेबलावर एकाच वेळी पाच पक्षी होते आणि टॉर्च धरायला चिकनवाले भाऊ होते. यंदा तिथे कुलूप असेल.

आमच्या मागण्या अशा.

रोज संध्याकाळी 6 ते सकाळी 9 या वेळेत आपला एक कर्मचारी आणि प्रशिक्षित दोन स्वयंसेवक, अशी लेखी पाळी लावावी. नावं आपण ठरवावीत, पोलीस पडताळणी करावी, ओळखपत्र द्यावं, नको असतील त्यांना काढावं. आमची वीस जणांची यादी, प्रत्येकाच्या लसीच्या नोंदीसह, दुसऱ्या पत्राला जोडलेली आहे. अपघाताची जबाबदारी आमची, असं हमीपत्र आम्ही द्यायला तयार आहोत. विमाही आमचा आम्ही काढू. हे 10 जानेवारीच्या आत व्हावं. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल, हे नाही.

पिल्लांना आईकडे परत देण्यासाठी संध्याकाळी प्राणी बाहेर नेण्याची परवानगी वनपालांच्या पातळीवर, फोनवर मिळावी.

पूर्णवेळ पशुवैद्यकाचं पद भरेपर्यंत रोज निदान दोन तास येतील असे डॉक्टर मानधनावर घ्यावेत. मजुरांची थकलेली मजुरी द्यावी आणि त्यांना रेबीजची लस सरकारी खर्चानं द्यावी.

उपचाराच्या खोल्यांमध्ये कुणीही पाहुणा नको. कुणीही म्हणजे कुणीही. आम्ही, आपण, आपल्यावरचे. सेवा दिन जरूर करावा, तो फाटकाबाहेर. साठ माणसांनी एक दिवस गावातल्या झाडांवरचा जुना मांजा उतरवला तरी मोठं काम होईल, टी-शर्टही मळतील.

ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘कुठे सापडला’ हा रकाना पुन्हा घालावा. ते होईपर्यंत मला ती जुनी वही फाटकाबाहेर बसून लिहू द्यावी. खुर्ची मी आणेन.

आणि एकदा भेटीची वेळ द्यावी. जमलं तर सकाळी साडेसहाला, केंद्रातच.

कळावे,
आपल्या केंद्राची नोंदवही लिहिणारी,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
20 डिसेंबर

ता. क. सात नंबरच्या पिंजऱ्याची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते, नुसती ओढली तर लागल्यासारखी वाटते पण लागत नाही. आत तरस आहे. रात्री जाणाऱ्या कर्मचाऱ्याला हे कुणी सांगितलं आहे का, ते कृपया आजच विचारून घ्यावं.